शेतीची औषधे आणि गोड्या पाण्यातील मासे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेततळ्यात मासे सोडणारे शेतकरी, पाझर तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार संस्थांचे सभासद आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून मराठवाड्यात वर्षानुवर्षे येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात करून पुढे अडचणीच्या व अपवादात्मक प्रश्नांकडे गेलो आहोत. एका उत्तरातील माहिती दुसरीकडे लागेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. औषध शेतात फवारले जाते, मासे तलावात असतात. मग ते त्यांच्यापर्यंत पोहोचते कसे?

मुख्य वाटा तीन आहेत. फवारताना वाऱ्याने उडालेले तुषार थेट पाण्यावर पडतात. फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात रानातले पाणी औषध घेऊन ओढ्याला लागते. आणि तिसरी वाट म्हणजे पंप, बादल्या व रिकाम्या बाटल्या ओढ्याकाठी किंवा तळ्याच्या बांधावर धुणे. शेततळ्याच्या बाबतीत ही तिसरी वाट सर्वांत घातक ठरते, असे आमचे मत आहे, कारण तीत औषध पातळ न होता एकाच ठिकाणी, एकाच वेळी पडते.

पाण्यात विरघळण्याच्या गुणावरही बरेच अवलंबून असते. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट यांसारखी औषधे पाण्यात सहज विरघळतात आणि पाण्याबरोबर वाहतात. सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातील औषधे मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती मातीच्या कणांना चिकटतात. त्यामुळे काळ्या रानातून गढूळ पाणी वाहते तेव्हा गाळाबरोबर तीही तलावात उतरतात. बांधबंदिस्ती नीट असेल आणि गाळ रानातच अडला, तर या दुसऱ्या गटाचा बराच भाग आपोआप अडतो.

२. माशाच्या शरीरात ही औषधे नेमके काय करतात?

हे औषधाच्या गटावर अवलंबून असते. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला संदेश संपवण्याचे काम या विकराचे असते. ते थांबले की संदेश सुरूच राहतो, स्नायू थरथरतात, मासा वेडावाकडा पोहतो आणि शेवटी कल्ल्यांची हालचाल बंद पडते. कार्बामेट गटही याच विकरावर घाला घालतो, परंतु त्याची पकड सैल असते आणि मासा वाचला तर लवकर सावरतो.

पायरेथ्रॉइड औषधे मज्जापेशींवरील सोडियमची दारे उघडी ठेवतात. सस्तन प्राण्यांचे यकृत ही औषधे वेगाने तोडून टाकते, माशांची ती क्षमता फारच तोकडी असते, आणि कल्ल्यांवाटे औषध सरळ रक्तात शिरते. म्हणून जे औषध माणसाला तुलनेने सौम्य, तेच माशाला जहाल ठरते.

३. डब्यावर लाल त्रिकोण नाही, पिवळा किंवा निळा आहे. म्हणजे माशांना धोका कमी, असे समजावे का?

नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांमागचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

कीटकनाशके नियम, १९७१ नुसार डब्यावरील त्रिकोणाचा रंग ठरतो तो प्रयोगशाळेतील सस्तन प्राण्यांवर, मुख्यतः उंदरांवर, केलेल्या चाचणीवरून. शरीराच्या एका किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या तोंडी मात्रेत निम्मे प्राणी मरत असतील तर लाल, ५१ ते ५०० मिलिग्रॅमला पिवळा, ५०१ ते ५,००० ला निळा आणि त्याहून अधिकला हिरवा. या मोजमापात मासा कोठेच येत नाही. तो रंग फवारणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी आहे, आणि तेवढ्यापुरता तो महत्त्वाचाच आहे.

माशांकडून पाहिले तर क्रम अनेकदा उलटा होतो. मोनोक्रोटोफॉसवर लाल त्रिकोण. माणसाला आणि पक्ष्यांना ते अतिविषारी. पण माशांना मारण्यासाठी त्याचे प्रमाण सामान्यतः लिटरला काही मिलिग्रॅम इतके लागते. सायपरमेथ्रिनवर सहसा पिवळा त्रिकोण असतो, पण माशांसाठी त्याचे घातक प्रमाण लिटरला काही मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार पटींनी कमी, इतक्यावर येते. ज्या औषधाला शेतकरी ‘हलके’ म्हणतो तेच तळ्यासाठी जड असू शकते. त्रिकोणाऐवजी डब्यासोबतची घडीपत्रिका वाचावी. मासे व जलचर यांना विषारी असल्याची सूचना तीत लिहिलेली असते. ती बारीक अक्षरांत असते आणि बहुधा डबा फोडतानाच फेकली जाते, ही खरी अडचण आहे.

४. एलसी-५० म्हणजे काय, आणि तो आकडा आपल्या कामाचा आहे का?

ठरावीक काळात, बहुधा ९६ तासांत, चाचणीतील निम्मे मासे मरतात ते पाण्यातील औषधाचे प्रमाण म्हणजे एलसी-५०. आकडा जितका लहान तितके औषध अधिक विषारी. लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम आणि लिटरला एक मायक्रोग्रॅम म्हणजे एक पीपीबी, एवढे लक्षात ठेवले तर कोणताही तक्ता वाचता येतो.

औषधांची आपसांत तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. त्याला सुरक्षिततेची मर्यादा मानणे मात्र चुकीचे आहे, कारण त्या प्रमाणात निम्मे मासे मेलेले असतात. शिवाय चाचणी काचेच्या टाकीत, स्वच्छ पाण्यात, एका जातीवर होते. माशाची जात, वय, पाण्याचे तापमान, आम्लता आणि कडकपणा बदलला की आकडा कित्येक पटींनी सरकतो. एकाच औषधाचे दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत म्हणून विद्यार्थी गोंधळतात. त्यांनी आधी चाचणीची परिस्थिती आणि वापरलेले औषध शुद्ध होते की बाजारातले, हे पाहावे. बाजारातल्या औषधातील द्रावके व पायसीकारकेही (औषध पाण्यात मिसळवणारे घटक) माशांना त्रासदायक असतात, त्यामुळे तयार औषध हे शुद्ध औषधापेक्षा अधिक विषारी निघू शकते.

५. माझ्या शेततळ्यात किती औषध गेले तर मासे मरतील?

हिशेब करून पाहू. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजू दीडास एक उताराच्या, असे शेततळे काठोकाठ भरले तर त्यात साधारण २० लाख लिटर पाणी मावते. सायपरमेथ्रिन १० टक्के ईसीच्या (पाण्यात मिसळणाऱ्या द्रव औषधाच्या) १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम मूळ औषध असते. ते सर्व या पाण्यात मिसळले तर प्रमाण होते लिटरला ५ मायक्रोग्रॅम. अनेक जातींच्या लहान माशांसाठी हे प्रमाण घातक पातळीच्या आसपास आहे. म्हणजे चहाच्या एका लहान पेल्याइतके औषध सांडले तरी भरलेले तळे धोक्यात येते. उन्हाळ्यात तळे पाव भरलेले असेल तर तेवढ्याच औषधाने प्रमाण २० मायक्रोग्रॅमवर जाते.

फवारणीचा १५ लिटरचा पंप लिटरला १ मिलिलिटर या हिशेबाने भरला असेल तर त्यात दीड ग्रॅम मूळ औषध असते. तो उलटला तर भरलेल्या तळ्यात प्रमाण लिटरला पाऊण मायक्रोग्रॅम होईल. यात मोठे मासे बहुधा तगतील, पण डॅफ्नियासारखे सूक्ष्म प्राणी त्याहूनही कमी प्रमाणात मरतात, आणि मत्स्यजिऱ्यांचे, म्हणजे माशांच्या अगदी लहान पिल्लांचे, अन्न तेच असते. हाच पंप लाखभर लिटरच्या डबक्यात उलटला तर प्रमाण १५ मायक्रोग्रॅम होते.

या हिशेबाला एक पुरवणी जोडावी लागते. मातीच्या तळ्यात पायरेथ्रॉइडचा मोठा भाग गाळाला चिकटून पाण्यातून कमी होतो. प्लास्टिक अस्तराच्या नव्या तळ्यात गाळ जवळजवळ नसतो, त्यामुळे हा आधार तेथे कमी मिळतो. पंप तळ्यात बुडवून भरू नये. पाणी वेगळ्या बादलीने काढून, बांधापासून दूर नेऊन तेथे औषध मिसळावे.

६. सकाळी मासे मेलेले दिसले. औषधाने मेले की प्राणवायू कमी पडल्याने, हे कसे ओळखावे?

प्रत्येक मरतुकीचे खापर औषधावर फोडले जाते, पण उन्हाळ्यात बंधाऱ्यात साठलेल्या पाण्यात, विशेषतः गावाचे सांडपाणी मिसळत असेल तेथे, प्राणवायूचा तुटवडा हे कारण अधिक वेळा असते. शेवाळ व वनस्पती रात्री प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की कटला-रोहूसारखे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. अशा वेळी मोठे मासे आधी मरतात आणि ऊन वर आले की मरतूक थांबते.

औषधाने होणाऱ्या मरतुकीला वेळेचे बंधन नसते. ती दुपारीही सुरू होते. बोटुकली व लहान मासे आधी जातात. जिवंत मासे स्वतःभोवती गिरक्या घेतात, काठावर आदळतात, तोल जाऊन कुशीवर पोहतात. कल्ल्यांवर चिकट स्राव साचतो, पाठीचा कणा वाकलेला दिसतो.

एक खूण आम्ही विशेष करून पाहायला सांगतो. मरळ आणि मागूर हे हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे आहेत. पाण्यातला प्राणवायू संपला तरी ते तग धरतात. कटला-रोहू मेले आणि मरळ शाबूत असेल तर प्राणवायूचा संशय धरावा. मरळही उताणा पडला असेल तर विषाचा. तसेच काठाचे पाणी पांढऱ्या ताटलीत घेऊन पाहावे. पाणकिडे आणि सूक्ष्म प्राणी वळवळत असतील तर कीटकनाशकाची शक्यता कमी. पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही ताटली निर्जीव असेल तर ती शक्यता बरीच वाढते. पक्का निर्णय मात्र तपासणीनेच होतो (प्रश्न १६).

७. मासे मरत नाहीत, पण वाढही होत नाही. यामागे औषध असू शकते का?

असू शकते, आणि माझ्या मते मरतुकीपेक्षा हेच नुकसान मोठे आहे, कारण ते कोणाच्या हिशेबात येत नाही. घातक पातळीच्या बऱ्याच खाली, दीर्घकाळ संपर्क आलेल्या माशांत प्राणिशास्त्राच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा सारखेच बदल दिसतात. कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्यांवरचा थर सुटतो, सुजतो, शेजारच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वसनाचे क्षेत्र घटते. यकृतपेशींत पोकळ्या दिसतात, यकृतातील व स्नायूंतील ग्लायकोजेन घटते, रक्तातील साखर वाढते. तांबड्या पेशी व हिमोग्लोबिन कमी होते. मादीच्या अंडाशयात पक्व होण्याआधीच अंडी शोषली जाऊ लागतात.

शरीराची शक्ती विष हटवण्यात खर्च होते तेवढी ती वाढीला कमी पडते. पण वजन न वाढण्याची इतर कारणे, म्हणजे दाटी, अपुरे खाद्य, निकृष्ट बीज, ही अधिक सामान्य आहेत, आणि ती आधी तपासावीत. या कारणांचा निकाल लागण्यापूर्वी औषधाला दोष देणे घाईचे ठरते.

८. पावसाळ्यात धोका अधिक का मानतात? तेव्हा तर पाणी भरपूर असते.

पाणी भरपूर असते हे खरे, पण वेळेचा मेळ वाईट बसतो. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, वाहत्या नव्या पाण्यात अंडी घालतात. नेमक्या जुलै ते सप्टेंबर या काळात मराठवाड्यातील कापूस, सोयाबीन आणि तुरीवर फवारण्यांचा जोर असतो. अंड्याभोवतीचे कवच काहीसे संरक्षण देते. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू मात्र माशाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक अवस्थेत असते. ओढ्याचे पहिले गढूळ पाणी, ज्यात औषधाचे प्रमाण सर्वाधिक असते, त्याच पाण्याच्या ओढीने मासे वर चढतात.

म्हणून दोन-तीन दिवसांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर फवारणी थांबवावी. पिकासाठीही तेच योग्य, कारण धुऊन गेलेले औषध किडीला लागत नाही.

९. जायकवाडीसारख्या मोठ्या धरणात औषध पातळ होऊन जात असेल ना?

मधल्या खोल पाण्यात होते. पण मासे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. पिल्ले उथळ काठाला, ओढे येऊन मिळतात त्या खाड्यांत वाढतात, आणि तेथे प्रमाण मधल्या पाण्यापेक्षा अधिक असते.

मोठ्या धरणांत आणखी एक गोष्ट घडते. पाणी ओसरले की नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, फुगवट्यातील उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. तेथे फवारलेले औषध वाहून यायची गरजच नसते. पाणी पुन्हा चढले की ती जमीन धरणाचा तळ बनते. नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे, त्यामुळे प्रश्न मासे खाणाऱ्या पक्ष्यांपर्यंतही जातो. गाळपेर अनेक कुटुंबांचा आधार आहे आणि ती सरसकट बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. पण तेथे पायरेथ्रॉइड वापरू नये, एवढा आग्रह नक्कीच धरता येईल.

१०. थंडीत हरभऱ्यावर एखादीच फवारणी होते. त्याने काय बिघडणार?

येथे तापमानाचा अपवाद लक्षात घ्यावा लागतो. सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे गरम पाण्यात अधिक विषारी होतात. पायरेथ्रॉइडचे याच्या उलट आहे: पाणी थंड तेवढा त्यांचा मज्जासंस्थेवरील परिणाम तीव्र, आणि थंडीत माशाची ते तोडण्याची मंद क्षमता आणखी मंदावते. घाटेअळीसाठी डिसेंबर-जानेवारीत हाच गट वापरला जातो. त्यामुळे फवारण्या कमी असल्या तरी तळ्याशेजारच्या हरभऱ्यावर फवारताना वाऱ्याची दिशा पाहणे आणि काठालगतच्या काही ओळी सोडून देणे शहाणपणाचे आहे.

११. तणनाशके माशांना मारतात का?

सर्व सारखी नाहीत. सोयाबीनमधील इमाझेथापायर माशांना कमी विषारी आहे. पेंडिमेथालिन बरेच विषारी आहे. ग्लायफोसेटचे मूळ द्रव्य माशांना फारसे जहाल नाही, परंतु पानावर पसरण्यासाठी काही तयार औषधांत जे पसरक घातलेले असते ते त्याहून कित्येक पट विषारी असते.

अप्रत्यक्ष परिणाम अनेकदा मोठा असतो. तलावातील पाणवनस्पतींवर एकदम तणनाशक मारले की त्या एकाच वेळी मरून कुजतात, कुजताना प्राणवायू खातात, आणि आठवड्याभरात मासे तोंड वर काढू लागतात. जलपर्णी हाताने किंवा यंत्राने काढून बाहेर टाकणे कष्टाचे असले तरी माशांच्या दृष्टीने तेच बरे.

१२. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क यांसारखी सेंद्रिय औषधे तरी निर्धोक ना?

तुलनेने बरीच सौम्य आहेत. पूर्ण निर्धोक नाहीत. निंबोळी अर्क जास्त प्रमाणात तळ्यात गेला तर मत्स्यबीजाला अपाय होतो. बीटी जिवाणूची फवारणी माशांना जवळजवळ निरुपद्रवी आहे.

वनस्पतिजन्य म्हणजे माशांना सुरक्षित, हे समीकरण मात्र मुळातच चुकीचे आहे. रोटेनोन हे वनस्पतीच्या मुळांतून मिळते आणि पेशींचे श्वसन थांबवून माशांना मारते. मोहाच्या पेंडीतील सॅपोनिन माशांच्या तांबड्या पेशी फोडते. याच गुणामुळे बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे काढण्यासाठी हेक्टरी सुमारे २,५०० किलो पेंड टाकण्याची पद्धत आहे, आणि तिचा विषारीपणा दोन-तीन आठवड्यांत उतरल्यावरच बीज सोडतात. पुढे ती पेंड खत म्हणून कामी येते. रासायनिक कीटकनाशक टाकून तळे ‘साफ’ करण्यापेक्षा हा मार्ग कधीही चांगला.

१३. दोन औषधे एकत्र मारली तर धोका दुप्पट होतो का?

काही जोड्यांत दुपटीपेक्षाही जास्त. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन हे मिश्रण बाजारात तयारच मिळते. माशाचे शरीर ज्या विकरांच्या साहाय्याने सायपरमेथ्रिन थोडेफार तोडते, त्यांनाच प्रोफेनोफॉस अडवते. बोंडअळीवर मिश्रण प्रभावी ठरण्यामागचे तत्त्वही हेच आहे. दुकानदाराच्या सल्ल्याने तीन-चार औषधे एका पंपात घालण्याची प्रथा आहे. त्यांचा माशांवरील एकत्रित परिणाम कोणत्याही घडीपत्रिकेत लिहिलेला नसतो.

१४. इमिडाक्लोप्रिड माशांना कमी विषारी आहे, असे वाचले. मग तळ्याकाठी चालेल का?

वाचलेले बरोबर आहे. माशांसाठी त्याचे घातक प्रमाण लिटरला शंभर मिलिग्रॅमच्याही वर आढळले आहे. पण पाणकिड्यांना ते अत्यल्प प्रमाणात मारते, आणि मासे उपाशी राहतात. जपानमधील शिंजी सरोवराचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो: १९९३ मध्ये परिसरातील भातशेतीत इमिडाक्लोप्रिडच्या निओनिकोटिनॉइड गटाची औषधे सुरू झाल्यानंतर सूक्ष्म प्राणी घटले आणि पाठोपाठ स्मेल्ट व ईल या माशांची पकड कोसळली. खाद्य बाहेरून टाकल्या जाणाऱ्या शेततळ्यात हा परिणाम कमी जाणवेल. नैसर्गिक अन्नावर चालणाऱ्या पाझर तलावात जास्त.

१५. औषधाने मेलेले मासे खाल्ले तर चालतात का? वाचलेल्यांचे काय?

मेलेले किंवा गुंगलेले मासे खाऊ नयेत, विकू नयेत, जनावरांना किंवा कोंबड्यांना घालू नयेत. शिजवल्याने सर्व औषध नष्ट होते, हा समज चुकीचा आहे. पाण्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावेत.

वाचलेल्या माशांविषयी सरसकट उत्तर देता येत नाही. एंडोसल्फानसारखी सेंद्रिय क्लोरीन गटातील औषधे चरबीत साठतात. त्याच्या वापरावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. पण त्यापासून बनणारे एंडोसल्फान सल्फेट जमिनीत दीर्घकाळ टिकते. क्लोरपायरिफॉसही बऱ्यापैकी साठते. इमिडाक्लोप्रिड, मोनोक्रोटोफॉस साठत नाहीत. कोणते औषध पाण्यात गेले हे ठाऊक नसेल तर तपासणीचा अहवाल येईपर्यंत पकड थांबवावी.

१६. तपासणीसाठी नमुना कसा घ्यावा?

वेळ सर्वांत महत्त्वाची. पायरेथ्रॉइड काही तासांत पाण्यातून गाळात उतरते आणि दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात काहीच सापडत नाही. म्हणून पाण्याबरोबर काठाचा वरच्या थरातील गाळही घ्यावा. बाटली गडद रंगाच्या काचेची असावी. प्लास्टिकला ही औषधे चिकटतात. झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावावा. ओढ्याच्या वरच्या बाजूचा, जेथे मासे मेले नाहीत तेथील, दुसरा नमुना तुलनेसाठी अवश्य घ्यावा.

मासे शक्यतो मरणासन्न घ्यावेत, फुगलेले नकोत. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवावेत. मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजची तपासणी येथे फार उपयोगी पडते, कारण पाण्यातून औषध नाहीसे झाले तरी विकर दबलेले राहते. ही खूण सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेटपुरतीच आहे. पायरेथ्रॉइडने मेलेल्या माशात विकर जवळपास ठीक असू शकते. नमुना कोठे पाठवावा यासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे किंवा उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाकडे आधी विचारणा करावी, म्हणजे बर्फातला नमुना दारोदार फिरत नाही. दिवस, वेळ, वारा, आदल्या दिवशीचा पाऊस आणि शेजारच्या रानातील फवारणी यांची नोंद त्याच वेळी करावी.

१७. चुना टाकला तर विष उतरते का?

काही औषधांचे उतरते, आणि म्हणूनच हा सल्ला अर्धवट पसरला आहे. मॅलॅथिऑनसारखी औषधे अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटित होतात. ट्रायक्लोरफॉन मात्र अशा पाण्यात डायक्लोरव्हॉसमध्ये बदलते, आणि ते अधिक विषारी आहे. ट्रायक्लोरफॉन व डायक्लोरव्हॉस या दोन्हींवर २०२० अखेरपासून देशात बंदी असली तरी जुना साठा कोठेतरी निघतो. दुसरा धोका अमोनियाचा: पाण्याचा सामू वाढला की त्यातील अमोनिया माशांना घातक रूपात येतो. मेलेल्या माशांनी आधीच अमोनिया वाढलेल्या तळ्यात चुना ओतणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भारी. औषध कोणते ते माहीत नसेल तर चुना टाकू नये. येणारे पाणी बंद करावे, पंपाने पाणी उडवून हवा मिसळावी, शक्य असल्यास विहिरीचे पाणी सोडावे, खाद्य थांबवावे आणि जनावरांना तेथे पाणी पाजू नये.

१८. माशांना उवा पडल्या आहेत. शेतीचेच औषध थोडे टाकले तर?

आर्ग्युलस या परजीवीवर सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन अतिशय कमी मात्रेत वापरले जाते, हे खरे आहे. परंतु उपचाराची मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते, आणि प्रश्न ५ मधील हिशेबावरून दिसेल की तळ्यातील पाणी चुकीचे मोजले तर सगळेच मासे जातात. मत्स्यतज्ज्ञाने पाण्याचे माप स्वतः घेतल्याशिवाय हे करू नये. बीज सोडण्यापूर्वी पाणकिडे मारायचे असतील तर हेक्टरी ५६ किलो तेल व १८ किलो साबण यांचे मिश्रण पृष्ठभागावर पसरण्याची जुनी पद्धत आहे. पृष्ठभागावर श्वास घ्यायला येणारे किडे तेलाच्या थराने गुदमरतात. वारा नसताना करावी, नाहीतर थर एका काठाला जमा होतो.

१९. उन्हाळ्यात डोहात औषध टाकून मासे धरतात. हा गुन्हा आहे का?

होय. पाण्यात विष टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच दंडनीय आहे. मूळ कायद्यातील शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी होती. आजच्या मानाने ती किरकोळ वाटेल. उन्हाळ्यात नदीचे जे मोजके डोह उरतात, त्यांतच पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे मासे तगलेले असतात, त्यामुळे एका डोहावरचे विष पुढच्या हंगामाची पैदास नेते. असे पाणी गुरे पितात आणि प्रसंगी वाड्या-वस्त्यांवर तेच प्यायलाही वापरले जाते. घटना कळली तर पोलीस आणि मत्स्यव्यवसाय कार्यालय या दोघांनाही कळवावे, आणि प्रश्न १६ प्रमाणे नमुना त्याच दिवशी घ्यावा, कारण नमुन्यावाचून असे प्रकरण पुढे सरकत नाही.